लाल दोऱ्याची पिन

मी एक जुनी पिन आहे, असे म्हणायला मला अजिबात आवडत नाही. पण या घरात मला दुसरे नाव नव्हते. मित्रांनो, माझे काम जोडण्याचे. माझ्या एका टोकाचे तोंड बारीक आणि चपटे आहे, ते लॅपटॉपच्या खाचेत बसते. दुसऱ्या टोकाचे तोंड रुंद आहे, त्यात प्रोजेक्टरची जाड वायर बसते. लॅपटॉपवर जे दिसते ते मी भिंतीवर पोचवते. माझ्या खोक्यावर ‘कनेक्टर’ असे छापले होते. म्हणजे मी तो कनेक्टर होतो. पिन, पिन अशा हाका मारून या लोकांनी माझे व्याकरणसुद्धा बदलून टाकले.

बरे, हा शब्द एकट्या माझा असता तरी चालले असते. चार्जरच्या टोकाला हे लोक पिन म्हणतात. भिंतीवरच्या बोर्डात घुसणाऱ्या तीन पायांच्या प्लगलाही पिनच म्हणतात. फोनमधले सिमकार्ड काढायची सुई, तीही पिन. बँकेच्या कार्डाचा चार आकडी नंबर, तोसुद्धा पिन. "ती पिन दे रे," असे कुणी म्हटले की घरातली तीन माणसे तीन दिशांना हात घालायची. तेव्हा मला नुसता वैताग यायचा. पुढे त्या वैतागाचा संताप का झाला, तेच सांगायला बसले आहे.

कारखान्यात माझ्या पोटात केसासारख्या बारीक तारा भरल्या आणि वरून पांढरे कवच चढवले. एका बाईने मला दिव्याखाली धरून तपासले आणि पुढे सरकवले. त्या दिवसापासून आजवर माझ्यात काही बिघाड निघालेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला ताईने निवडले. ताई इमारतींचे नकाशे काढते. ती दुकानात नुसती आली नाही, लॅपटॉप काखेत मारून आली. दुकानदाराने चकचकीत काही दाखवले, ते तिने बाजूला केले. मला खाचेत घालून पाहिले, हलवून पाहिले, दुकानातल्या पडद्यावर चित्र स्थिर राहते का ते पाहिले, आणि मगच घेतले. वस्तू अशी घ्यावी, मित्रांनो. ती कुठे बसणार आणि तिच्याकडून काय करून घ्यायचे, हे ठाऊक असलेल्या माणसाने घ्यावी.

सहा वर्षे मी तिच्याबरोबर हिंडले. कचेरीत, ठेकेदारांच्या पत्र्याच्या खोल्यांत, शाळांच्या सभागृहांत. भिंतीवर नकाशा उमटला की माणसे पुढे सरकून बसायची. "पिन एकदम चांगली आहे हो तुमची," असे एका इंजिनिअरने म्हटलेही होते. नाव चुकीचे होते, पण मी ते कौतुक ठेवून घेतले.

ताईचे बाबा घड्याळे दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षे काढलेला माणूस. त्यांच्या खणात प्रत्येक चिमट्याची जागा ठरलेली असे. एकदा ताई मला शोधताना रडकुंडीला आली, तेव्हा त्यांनी माझ्या मानेला लाल दोरा बांधला. घट्ट, दोन गाठींचा. त्यानंतर मी कधी हरवले नाही.

आता साहेबाकडे वळते. साहेब म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. नोकरी विमा कंपनीत, पण रुबाब असा की घरचे सगळे त्याला साहेबच म्हणतात. त्याला संगणकाच्या वस्तू विकत घेण्याचा नाद. कीबोर्डवर उजेड पाडणारा दिवा, लॅपटॉपच्या वायरीवर फिरणारा पंखा, फटीतली धूळ उडवायचा फुगा. यातले घरी काय वापरायचे आणि प्रवासात काय न्यायचे, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. त्याला रंग जुळायला हवा, बस्स.

आणि ताईचे परगावी जायचे ठरले. तिथल्या दवाखान्यात लहान मुलांसाठी नवा कक्ष बांधायचा होता, आणि अनेकांचे नकाशे पाहून एकाला काम मिळणार होते. अकरा वर्षे ताईने दुसऱ्यांच्या सहीखाली नकाशे काढले होते. हा पहिला तिचा स्वतःचा. त्यात एकच गोष्ट निराळी होती. खिडक्या खाली होत्या, अगदी खाटेच्या उंचीला. ताई स्वतः लहानपणी दोन महिने अशा कक्षात पडून होती, आणि दोन महिने तिने छत पाहिले होते. म्हणून तिने एक चालते चित्र तयार केले. पाहणारा जणू खाटेवर आडवा आहे, मान वळवतो, आणि त्याला अंगणातले झाड दिसते. मी ते आमच्या भिंतीवर पन्नास वेळा दाखवले असेल. बाबा दर वेळी मान वळवायचे.

निघायच्या दिवशी सकाळी साहेबाने प्रेमाने नवी पिशवी आणली. खास प्रवासाची, एकवीस कप्प्यांची. तो हौसेने सगळे सामान भरायला बसला. दिवा भरला, पंखा भरला, तो फुगासुद्धा भरला. मला हातात घेऊन त्याने नाक मुरडले. मोठ्या लोकांपुढे असा दोरा बरा दिसत नाही, असे पुटपुटत त्याने कात्रीने बाबांच्या दोन्ही गाठी कापल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही, तरी गेली. वर मी महत्त्वाची म्हणून त्याने मला पिशवीच्या तळाशी, अस्तराच्या आत असलेल्या चोरकप्प्यात घातले आणि चेन ओढली.

"पिन घेतलीस का रे?" ताईने आतून विचारले.

"घेतली," साहेब म्हणाला. खोटे नव्हते ते. हेच तर दुखणे आहे.

दवाखान्याच्या सभागृहात लांब टेबलापाशी निवड करणारी नऊ माणसे बसली होती. नकाशा मांडणाऱ्या प्रत्येकाला बारा मिनिटे होती आणि ताईचा नंबर दुसरा. तिने पिशवी उघडली. दिवा निघाला, पंखा निघाला. पिन काही निघेना. तिथल्या कारकुनाने सांगितले की येणारे आपापली घेऊन येतात, आमच्याकडे नसते. चित्र दुसऱ्या संगणकावर घालून पाहिले, तर ते तिथे उघडेना. तिने भावाला फोन लावला. त्याने पुढच्या कप्प्यात बघायला सांगितले. तिथे सिमकार्डाची सुई होती. ही नाही, दुसरी पिन, असे ती म्हणाली. मग ती जाड पिन चार्जरपाशी आहे, असे त्याने सांगितले. तिथे तीन पायांचा प्लग होता.

"अरे, लाल दोऱ्याची," ताई म्हणाली.

"दोरा मी काढला गं," तो म्हणाला. "पण ती आतच आहे. थांब, आठवतो."

त्याला आठवले नाही. ताईने सगळी पिशवी टेबलावर पालथी केली. तिची बोटे अस्तरावरून फिरली, माझ्यावरून फिरली. पिशवीला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठा घालतात, तसे काही असेल असे तिला वाटले असावे. बोटे पुढे गेली. मित्रांनो, मला तोंडे दोन आहेत, पण आवाज एकही नाही. त्या क्षणी मी जितकी चिडले, तितकी कधीच चिडले नव्हते. माझ्यावर, चेनीवर, त्या एकवीस कप्प्यांवर.

मग तिने लॅपटॉप दोन्ही हातांत उचलून धरला आणि त्या नऊ जणांसमोर तशीच उभी राहिली. जवळच्या दोघांना थोडेफार दिसले असेल. बाकीच्यांना काचेवर नुसती खिडकीची चमक दिसली. खिडक्या खाली का, हे तिने सांगितले. शब्दांत ते कुणाला कळले नाही. खाली खिडक्या म्हणजे मुले पडतील, असे एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. नकाशात खिडक्यांना जाळ्या होत्या. त्या दिसल्याच नाहीत. बारा मिनिटे संपली. काम दुसऱ्याला गेले.

ताई घरी आल्यावर साहेबाने मला दोन मिनिटांत शोधून काढले. चेन उघडून मला उंच धरले आणि खुशीत म्हणाला, "बघ, इथेच होती!"

बाबांनी मला त्याच्या हातातून घेतले. केराच्या टोपलीत अजून पडलेला दोरा काढला, पण गाठ मारायला तो पुरेना. त्यांनी नवा तोडला.

"तुला बरं दिसावं म्हणून तू तो कापलास," ते मुलाला म्हणाले. "तिला सापडावी म्हणून मी बांधला होता."

त्या दिवशी त्यांनी मला नावही दिले. दाखवणी. कवचावर चिकटपट्टी लावून बारीक अक्षरात लिहिले. आता साहेब दर वेळी विचारतो, "दाखवणी घेतलीस ना, ताई?" ताई पिशवी उघडते, लाल दोरा बघते, पिशवी बंद करते.

गेल्या महिन्यात कचेरीत कुणीतरी त्या दवाखान्याचे फोटो आणले. ते माझ्यातूनच भिंतीवर गेले, माझा इलाज नव्हता. कक्ष छान रंगवला आहे. खिडक्या मात्र उंच आहेत. एका खाटेवर एक मूल उताणे पडले होते. ताईने तो फोटो पुढे सरकवायला फार वेळ लावला.

मित्रांनो, नवीन वस्तू जरूर घ्या, पण कामाची घ्या. पिशवी जिची आहे तिलाच भरू द्या. प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे नाव द्या, आणि कुणी बांधलेला दोरा कापण्याआधी तो का बांधला होता, ते विचारा. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असेही मला वाटत नाही. ते मूल आज छताकडे बघत पडले आहे. आणि त्या दिवशी मी तिथेच होते, पिशवीत, ताईपासून हातभर अंतरावर.