घर भरले आहे

सासूबाईंनी माऊसवरचा हात उचलला, चष्मा कपाळावर ढकलला आणि जाहीर केलं, "ही हिची काकू नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती हातातल्या उशीच्या अभ्र्यासकट उठून संगणकाच्या पडद्यापाशी आली.

"कोण, आई?"

"ही लाल झग्यातली. त्या पोरीच्या बापाची सख्खी बहीण आहे. माझ्या डोळ्यांदेखत जन्मलीय. आणि खाली काय लिहिलंय बघ, काकू. आत्या म्हण की."

"मूळ खेळात एकच शब्द आहे त्यांचा. आत्या, काकू, मावशी, मामी, सगळ्यांना मिळून एक."

"मग त्यांच्यात लग्नं कशी जमवतात?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच काळजी वाटली होती.

सुनेने ती चूक टिपून घेतली. भाषांतर करणं हा तिचा धंदा होता. औषधांच्या खोक्यांवरच्या सूचनांपासून मोबाइलवरच्या खेळांपर्यंत जे येईल ते. या वेळचा खेळ वस्तीचा होता. एक गल्ली, गल्लीत घरं आणि घरांत माणसं. त्यांना खायला घालायचं, कामाला लावायचं, त्यांची लग्नं लावायची आणि त्यांची मुलं हाताशी आली की मुलांच्या संसारात डोकं घालायचं. जिंकणं नाही, हरणं नाही, पिढ्या पुढे सरकत राहतात. आपलं भाषांतर पडद्यावर कसं वाचलं जातं हे कळायला कोणीतरी नीट खेळून दाखवणारं हवं होतं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं. बाहुल्या खेळायचं वय आहे का माझं, म्हणाल्या होत्या. आता त्यांचा दुपारचा चहा पडद्यासमोर नेऊन द्यावा लागे.

त्यात नवल काही नव्हतं. उभा जन्म त्यांनी मुलींच्या हॉस्टेलात रेक्टर म्हणून काढला होता. कोण जेवलं नाही, कोण रडतंय, कोणाच्या खोलीत दिवा जास्त वेळ जळतोय, हे त्यांना जिन्यावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर ही सगळी विद्या वाया चालली होती आणि घरातल्या दोन माणसांवर वापरावी तर ती दोघंही शहाण्यासारखी वागत होती. खेळातल्या गल्लीने त्यांची सोय केली. त्या गल्लीत अंघोळ चुकवायची कोणाची बिशाद नव्हती.

त्यांनी सुरुवात केली होती एका बेकरीवाल्या बाईपासून. तिला नवरा मिळवून दिला, मुलगा झाला, मुलगी झाली. मुलगा आगीचा बंब चालवू लागला. नवरा म्हातारपणी बागेत पाणी घालता घालता वारला, तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस खेळ उघडला नव्हता. आता बेकरीवाली आजी झाली होती, नातवाचं लग्न होऊन नातसून घरात आली होती, आणि लहानथोर मिळून आठ माणसं एका छपराखाली नांदत होती. नातसुनेच्या डोक्यावर एक पांढरा ढग तरंगत असे आणि त्या ढगात पाळणा असे. तो पाळणा काही केल्या खाली उतरत नव्हता. सासूबाई प्रयत्न करायच्या आणि पडद्यावर यायचं, "घर भरले आहे."

त्यांनी दोन खोल्या वाढवून पाहिल्या. खेळाने भीक घातली नाही. त्याचा हिशेब खोल्यांचा नव्हताच, माणसांचा होता.

स्वयंपाकघरातून पान्याचा आवाज आला. सुनेने घड्या घातलेले कपडे बाजूला सारले आणि ती आत गेली. तिथे तिचा नवरा सिंकखाली डोकं घालून बसला होता. गळता नळ त्याने उघडून ठेवला होता, पण त्याच्या एकंदर आविर्भावावरून नळापेक्षा लपायची जागा महत्त्वाची वाटत होती.

"आज सांग," ती हलक्या आवाजात म्हणाली. "उद्या त्यांना होकार कळवायचाय."

"तू सांग ना. तुझं ऐकते ती."

"आई तुझी आहे."

"म्हणून तर," तो सिंकखालून म्हणाला.

तो एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होता. ती रक्तपेढी शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जायचं आणि पाळी संपली की दोन बदलून यायचं. घरी आला की जेवताना पेंगायचा. मागच्या रविवारी दोघं त्याला बूट घ्यायला म्हणून बाहेर पडली आणि रक्तपेढीच्या मागच्या रस्त्यावरचा एक छोटा फ्लॅट बघून आली. बूट न घेता परतली. सासूबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, माप मिळालं नाही. फ्लॅट दोघांच्या मनात भरला होता, आणि मालक उद्यापर्यंतच थांबणार होता. तिथे तिसरं माणूस मावणार नव्हतं, आणि हे घर सासूबाई सोडणार नव्हत्या. म्हणजे काय करायचं ते उघड होतं. फक्त ते कोणी बोलायचं ते ठरत नव्हतं.

"बाबा गेल्यापासून ती एकटी राहिलेली नाही," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा नाही."

"मग नको घ्यायचा?"

 त्याने पाना जोरात फिरवला.

सून पुन्हा बाहेर आली. सासूबाई छळवादी असत्या तर किती सोपं झालं असतं, असं तिला पुन्हा एकदा वाटलं. पण या बाईने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या मुलाला सांगितलं होतं, की हिचं काम चालू असताना हिला हाक मारायची नाही, पाणी हवं तर हाताने घ्यायचं. अशा बाईला आम्ही निघालो म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? आठवडाभर ती मूग गिळून बसली होती.

तिने खुर्ची ओढून घेतली. "आई, एक काम आहे. तुमच्या त्या घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या घरात पाठवा. तो मजकूर अजून कोणी पडद्यावर पाहिलेलाच नाही. सोमवारी द्यायचाय."

"पाठवू म्हणजे?"

"नातवाच्या जोडीला. गल्लीत जागा आहे. मग पाळण्याचंही जमेल. नातवावर क्लिक करा, बायकोलाही निवडा. आता खाली बटण येईल बघा."

सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. बटण आलं. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि एकेक अक्षर वाचलं.

"घराबाहेर काढा."



"हे तू लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

सुनेचे कान तापले. "शब्द सुटे येतात हो आमच्याकडे. कुठे वापरणार ते सांगत नाहीत. कपाट सरकवा, पलंग फिरवा, यांच्या मध्येच होतं ते. मला वाटलं सामानाचं असेल. कपाट समजून लिहिलं, आई."

"मी तर माणसांना काढायला बसलेय." सासूबाईंनी माऊस लांब सरकवला. "काय गुन्हा केला यांनी? मी नाही दाबणार."

"नका दाबू. बदलते मी." तिने स्वतःचा लॅपटॉप जवळ ओढला. "स्थलांतर करा?"

"ते पक्षी करतात."

"घर सोडा?"

"रागावून सोडतात घर. ही दोघं बघ कशी उभी आहेत, आज्ञाधारक."

"निरोप घ्या?"

"ते माणूस गेल्यावर छापून येतं."

सुनेला हसू आलं. शब्द खेळासाठी शोधायचा होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर पडला की आपणच सासूबाईंना काहीतरी कबूल करतोय असं वाटे. शेवटी उरलेला शब्द तिने टाइप केला, पुसला, आणि मग पडद्याकडे बघतच म्हणाली, "वेगळे व्हा?"

स्वयंपाकघरातला पान्याचा आवाज थांबला.

 सासूबाईंनी गार झालेल्या चहाचा एक घोट घेतला, कप बशीत नीट ठेवला.

"हे भांडणातलं आहे," त्या म्हणाल्या. "भिंत घातल्यासारखं वाटतं. हे बटण दाबतं कोण पण? जाणारे की राहणारे?"

"खेळणारा दाबतो. म्हणजे ज्याच्या हातात घर आहे तो."

"म्हणजे मी."

"हो."

"मग मी काय म्हणेन, ते लिहायला पाहिजे." त्या पडद्यावरच्या जोडीकडे पाहत राहिल्या. दोघं स्वयंपाकघरात उगाच उभी होती. नातसुनेने एकदा जांभई दिली. "हॉस्टेलात पोरी शेवटच्या दिवशी ट्रंक घेऊन यायच्या माझ्याकडे. मला कधी शब्द सुचायचा नाही. किल्ली ठेवलीस का, एवढंच विचारायचे. पोरी रडत हो म्हणायच्या."

"मग तुम्ही?"

"मी किल्ली तपासायचे." त्या जराशा हसल्या. "कारण मी दारात उभी राहून बघायचे ना. दारातून बघितलं की माणूस जाताना दिसतो. तिच्या बाजूने बघितलं तर ती कुठे काय सोडत होती? नोकरीला निघाली होती, कोणी लग्न करून निघाली होती. तिला पुढचं दिसत होतं."

 बोलायची हीच वेळ आहे हे सुनेला कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. 

"घर मांडा," सासूबाई म्हणाल्या. "असं लिही."

"घर मांडा?"

"चौकोनात बसेल ना?"

"बसेल."

"मग झालं तर. हे म्हणून दाबता येईल मला."

सुनेने शब्द बदलला, खेळ बंद करून पुन्हा सुरू केला. बटण नव्या अक्षरांनिशी उगवलं. सासूबाईंनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि दाबलं. नातू आणि नातसून हातात खोकी घेऊन फुटपाथवर येऊन उभी राहिली, आणि पडद्यावर गल्लीचा नकाशा पसरला. जागा सुचवणारे हिरवे चौकोन लुकलुकू लागले. एक बेकरीवाल्या आजींच्या कुंपणाला लागूनच होता.

"हा घ्या," सून पटकन म्हणाली. "शेजारीच आहे."

"नको. इतक्या जवळ असलं की मी रोज डोकावणार. मला मी माहीत आहे ना." सासूबाईंनी बाण गल्लीच्या टोकापर्यंत नेला, वळणावरच्या चौकोनावर थांबवला. "हा बरा. तिथून त्याला कामावर चालत जाता येईल."

त्यांनी क्लिक केलं. हिरवळीचा एक तुकडा पडदाभर मोठा झाला. भिंत नाही, दार नाही, नुसतं गवत.

"स्वयंपाकघरात उजेड कसा आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"सकाळी छान येतो," सून म्हणाली. "दुपारी मात्र समोरच्या इमारतीची सावली पडते."

बोलून झाल्यावर तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. गवतावर अजून एक वीटही नव्हती, आणि समोर इमारत तर नव्हतीच. तिने पुढे काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण एक शब्द सुचेल तर शपथ. डोळे मात्र भरून आले. सासूबाईंनी तिच्याकडे मान वळवली नाही. त्यांनी गवताच्या कडेने पहिली भिंत ओढायला घेतली आणि ती सरळ येतेय का ते चष्म्याखालून पाहत राहिल्या.

"मग तुझं कामाचं टेबल स्वयंपाकघरातच लाव," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी. दुपारपर्यंत तरी डोळ्यांवर ताण येणार नाही."