मशीन शांत झालं आहे

आमची कंपनी घरी ऑक्सिजन देणारी मशीनं भाड्याने देते. लोक तक्रारी लिहून पाठवतात, त्या मी वाचायच्या आणि एखादी जिवावरची वाटली तर ताबडतोब वर, मुख्य मेकॅनिककडे पाठवायची. उगाच डोकं खाणारे पुष्कळ असतात. त्यांच्यातून खरा घाबरलेला माणूस ओळखायचा, एवढीच काय ती माझी अक्कल. साहेबांनी तीही काढून कॉम्प्युटरात घातली.

या साहेबांना आम्ही मागून टाळ्या म्हणतो. हा माणूस आधी टाळ्या वाजवतो आणि मग त्या कशासाठी ते सांगतो. त्यांनी मला समोर बसवून शब्द विचारले. कुठला शब्द दिसला की तक्रार आपोआप वर जावी, कुठला दिसला की आपोआप बंद व्हावी. धाप, छातीत दुखणं, निळे ओठ, हे सगळं वर. आभार, सुरू झालं, शांत झालं, हे बंद. मी धडाधड सांगत गेले. घरी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेयस. मी म्हटलं, असू दे, डोक्याचा ताप तरी कमी होईल.

आणि झाला की. बसल्याबसल्या चहा गरम प्यायला मिळायला लागला.

त्या दुपारी टाळ्यांनी सगळ्यांना भिंतीवरच्या पडद्यासमोर उभं केलं. वर जाणाऱ्या तक्रारी निम्म्यावर आल्यात, म्हणाले, तेही माणसाचा हात न लागता. पुरावा म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांची तक्रार काढली. सकाळी त्यांनी लिहिलं होतं की मशीन सारखं पीं पीं वाजतंय आणि बायकोचा डोळा लागत नाही. सिस्टिमने ती किरकोळ आवाजांच्या तक्रारींत टाकली होती. नुकतंच त्यांनी पुन्हा लिहिलं होतं आणि तक्रार आपोआप बंद झाली होती. टाळ्यांनी ते खड्या आवाजात वाचलं.

"मशीन आता शांत झालं आहे. हीसुद्धा गाढ झोपली. आपले मनापासून आभार."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि मग पडद्यावरचं ते मी पुन्हा वाचलं. आमचं मशीन चालू असलं की शांत नसतंच, घरघर चालूच असते त्याची. पीं पीं म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय. आणि आपल्याकडून तर कोणी तिकडे फिरकलंच नव्हतं. मग ते शांत केलं कोणी?

मी तोंड उघडलं तर टाळ्या म्हणाले, मीटिंग संपू दे. त्यावर मी त्यांना काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईला ओरडून अँब्युलन्स पाठवायला सांगितलं आणि फोन उचलला. घाईत नंबर चुकला, पुन्हा लावावा लागला. घंटा वाजत राहिली. उचला हो, उचला, मी म्हणत होते.

त्यांनी उचलला आणि कुजबुजले, हळू बोला, ही झोपलीय. मी विचारलं, काका, मशीन चालू आहे का? ते कौतुकाने सांगायला लागले की मघाशी नुसतं तापलं होतं, आता हात लावला तर गार लागतंय. म्हणजे मशीन बंदच पडलं होतं. काकूंना उठवा म्हटलं तर ते काही केल्या ऐकेनात. कितीतरी रात्री बसून काढल्यात तिने, आज कुठे कपाळावरच्या आठ्या गेल्यात, मी नाही उठवायचा. ग्राहकावर आवाज चढवायचा नाही, असं आम्हाला पढवलेलं. गेलं खड्ड्यात.

"काका, ती झोप नाही. हलवा त्यांना, आत्ताच्या आत्ता."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, अगं. अगं, ऐकलंस का. मग नावाने हाक. मग नुसतंच ओरडणं, शब्द नसलेलं. मला वाटलं, संपलं सगळं, मीच मारलं या बाईला. मी जिवाच्या आकांताने फोनमध्ये किंचाळत राहिले तेव्हा कुठे ते परत आले. मशीनबरोबर आम्ही दिलेला जादाचा सिलिंडर, काका. नळी मशीनची काढा, त्याला लावा. वरची चावी फिरवा. उलटी नाही हो, दुसरीकडे. ते रडत होते आणि चावी फिरवत होते. शेवटी फुस्स आवाज आला. नंतर काहीच नाही. अख्खं ऑफिस माझ्याभोवती उभं होतं आणि कोणी हलत नव्हतं.

मग कोणीतरी खोकलं. अगदी बारीक, पण खोकलं.

अँब्युलन्सची माणसं येऊन काकूंना स्ट्रेचरवर घेईपर्यंत मी फोन सोडला नाही. जाता जाता काकांनी तो पुन्हा कानाला लावला. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण मी तर तुम्हाला लगेच कळवलं होतं. कोणी वाचलं नाही का?"

"वाचलं होतं, काका," मी म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं."