रेघेखालचा पाय

शिंप्याची मुलगी दुकानात मशीन चालवायची. बाबा बेतायचे आणि कापायचे. ढगळ कपड्यांतला शिंपी म्हणजे दुकानाची अब्रू गेली, असं बाबांचं मत. म्हणून दर महिन्याला ते स्वतःची पॅन्ट तिच्यापुढे टाकायचे. "अर्धा इंच आत घे गं. वापरून सैल झालीये."

ती घ्यायची. बरंच झालं, पोट उतरतंय, असं तिला वाटायचं. खांदे पडल्यासारखे दिसले तेव्हा तिने शर्टात आतून पट्ट्याही घातल्या. बाबा कसे टापटीप दिसायचे! शिवाय दोघांचं जेवण एकटे हाणायचे, बाटल्यांवर बाटल्या पाणी रिचवायचे. एवढं खाणाऱ्या माणसाला काय धाड भरणार?

एका सकाळी बाबांचा मोजा पायातून निघेना. तिने पाणी लावून सोडवला. तळव्याला काळी पडलेली जखम होती आणि तिच्यात डोक्यापर्यंत रुतलेली दुकानातलीच टाचणी. तिला घाण वास मारत होता.

"अगं, दुखत नाही," बाबा म्हणाले. "उलट आधी पायांची आग आग व्हायची, तीही थांबली."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि खुर्ची जवळ ओढली. साखर रक्तात नुसती साचत होती, अंगी लागत नव्हती. भरल्या ताटावर उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचंच मांस खात सुटलं होतं. "आग थांबली, कारण नसा मेल्या," त्या म्हणाल्या. "पण वजन एवढं उतरलं, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मुलीने मनातल्या मनात बेरीज केली. "साडेपाच इंच," ती म्हणाली. "मीच आत घेतले."

दुसऱ्या दिवशी पाय कुठून कापायचा, तिथे सर्जनने बाबांच्या गुडघ्याखाली पेनने रेघ मारली. बाबांनी ती निरखून पाहिली.

"डॉक्टर, एवढं वरून कशाला? चार बोटं खाली घ्या. थोडं मार्जिन असू द्या."

"काका, खाली काही उरलेलं नाही."

बाबा मुलीकडे वळले. "तू तरी सांग यांना."

तिला सांगायचंच होतं. पाय वाचला असता तर ती सर्जनच्या पायाही पडली असती. तिने रेघेखाली नखं रुतवून जोरात चिमटा काढला. बाबा तिच्या तोंडाकडेच बघत राहिले, ही आता काय म्हणते याची वाट बघत.

"रेघ आहे तिथेच राहू द्या," ती सर्जनला म्हणाली आणि सहीसाठी कागद मागितला.