मापात बसवलेला नवरा

नवे कपडे शिवणारे शिंपी पुष्कळ. मापाच्या बाई शिवलेलेच कपडे मापात बसवून देत. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, की लोक त्यांचं दार ठोठावत. अशा बाईंच्या घरात नवराच तेवढा बेमाप कसा राहणार?

नवरा रंगारी. बाई त्याच्याबरोबर पळून आल्या तेव्हा तो शीळ घालत जिना चढायचा, नखांत निळा-पिवळा रंग, चपला एक इकडे, एक तिकडे. हसला की शेजारची भिंत हलायची. बाईंच्या वडिलांच्या घरी चपला रांगेत आणि माणसंही रांगेत. तिथून सुटायचं म्हणून तर बाईंनी हा पसारा पसंत केला होता.

पण पसारा पसंत करणं वेगळं आणि तो रोज आवरणं वेगळं. आधी शीळ गेली, वरच्या मजल्यावरचं तान्हं उठतं म्हणून. मग नखं सुधारली, मग चपला. छातीत रंगाचा वास बसतो म्हणून ब्रश सुटला आणि रंगाच्या दुकानातली गल्ल्यावरची खुर्ची आली. मग खुर्चीला शोभेलसा भांग. दर वेळी बाईंचंच बरोबर असायचं. खरी गोम तिथेच होती.

त्या दुपारी बाईंचा धाकटा भाऊ आला. जहाजावरची नोकरी, केस पिकले तरी पायावरची भिंगरी काही थांबली नव्हती. बहिणीच्या घराला कित्येक वर्षांनी पाय लागत होते. दार उघडंच होतं. रंगारी पाठमोरा बसलेला: ताठ, गुडघ्यावर पेपरची चौघडी, चष्मा कपाळावर. पावलं ऐकून तो दोनदा खाकरला.

धाकट्याची बॅग धप्पकन खाली पडली. हातातली पेटती सिगरेट त्यानं झटक्यात पाठीमागे लपवली.

“ब... बाबा?”

बाबांना जाऊन जमाना लोटला होता.

कोपऱ्यात कापड कापणाऱ्या बाईंना हसू फुटलं. “अरे वेड्या, भावोजी आहेत तुझे! खाऱ्या वाऱ्यानं डोळे गेले की काय?”

धाकटा हसला नाही. बोटाला चटका बसला तेव्हा कुठे त्यानं सिगरेट विझवली. “ताई, यांच्याच चिठ्ठ्या मी तुला आणून द्यायचो ना? शीळ ऐकली की कळायचं, स्वारी खाली उभी आहे. तो माणूस कुठाय? हे काय करून ठेवलंस तू?”

“काय केलं? चार चांगल्या सवयी लावल्या!”

म्हणता म्हणता बाईंची नजर खुर्चीकडे गेली आणि हातातली कात्री उघडी ती उघडीच राहिली. तोच ताठा. तीच चौघडी. आता हा माणूस उठेल आणि विचारील, इतका वेळ कुठे होतीस?

शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पुढेमागे सैल करायला ती लागते. माया कापू नका, असं बाई शिकाऊ मुलींना बजावत. नवऱ्यात ती किती उरलीय, हे चाचपायला मात्र त्यांचा हात धजेना.

“अहो, तुम्ही बाबांना कधी पाहिलं होतंत?”

“कसला पाहतोय! दारात तरी उभं केलं का त्यांनी मला? फोटोसुद्धा आणला नाहीस तू.”

“मग हे खाकरणं?”

“मी एकदम आत आलो की तू दचकायचीस. म्हणालीस, आधी चाहूल देत जा. आता बसल्या जागीही देतो.”

बाईंनी कात्री खाली ठेवली. “आणि तुम्हाला कधी काही वाटलं नाही?”

“दर वेळी एवढंसंच तर असायचं. एवढ्याशासाठी कोण भांडत बसतं?”

“एकदा शीळ घाला. माझ्यासाठी.”

रंगाऱ्यानं ओठांचा चंबू केला. नुसतीच हवा आली. पुन्हा केला. पुन्हा हवाच. त्यानं शांतपणे चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पेपर उलटला.

पळून आल्या तेव्हा बाई त्याला अरेतुरे करत. त्याचं अहोजाहो कधी झालं, कुणामुळे झालं, काही केल्या आठवेना. जिन्यात शीळ वाजली की मारायच्या तशी हाक त्यांनी जीव एकवटून मारली, “अरे!”

पेपर हलला नाही.

“अरे, ऐक ना!”

रंगाऱ्यानं मान वळवली आणि धाकट्याकडे पाहिलं. “ऐकू येत नाही का तुला? ताई बोलावतेय.”