व्याह्यांसाठी गिरमिट

तळं गोठलं की आमच्या गावातल्या बायका म्हणतात, झालं, आता पुरुषमंडळी बर्फाच्या भोकांत गेली ती वसंतातच वर येणार. त्यात खोटं काही नाही. पण त्या हिवाळ्यात माझा शेजारी तोकेन भोक पाडण्याआधीच अडकून बसला होता.

तोकेनची मुलगी अकमारल दक्षिणेत, शिमकेंतला दिलेली. तिचे सासरे अब्दुमालिक, म्हणजे तोकेनचे व्याही, आमच्या बोलीत कुदा, लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे राहायला येणार होते. त्यांना निघायला थोडे दिवस उरले असताना अकमारलचा फोन आला. तो उलझानवहिनींनी घेतला आणि भांडी विसळता विसळता नवऱ्याला निरोप दिला, "कुदांना बर्फावर मासे धरायचेत म्हणे."

तोकेनचं बर्फात भोक पाडायचं जुनं गिरमिट आदल्या मोसमात हातातून निसटून तळ्याच्या तळाशी गेलेलं. नवं घेणं भाग होतं. बाजाराला निघताना त्यानं मलाही गाडीत घातलं. "चल साबीर, तुझंही डोकं लागेल."

दुकानात भिंतीवर गिरमिटं ओळीनं टांगलेली. वर मूठ, मध्ये वाकवलेला दांडा, खाली पिळाचं पातं. सगळी सख्खी भावंडं वाटावीत अशी, फरक काय तो पात्याच्या रुंदीचा. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "किती सेंटिमीटरचं देऊ, आगा? दहा, तेरा, पंधरा, अठरा?"

"चांगलं कुठलं?"

"मासा कुठला धरायचाय?"

"ते मासा ठरवतो, बाई. मी कोण ठरवणारा?"

"बरं, फिरवणार कोण?"

"मी. नाहीतर माझे कुदा."

"कुदा अंगानं कसे आहेत?"

तोकेन माझ्याकडे बघायला लागला. लग्नात त्यानं कुदांना पाहिलं होतं, पण जेवायला बसलेलं. "रुंद आहेत," तो म्हणाला.

बाईंनी समजावलं. लहान पातं भराभर खाली जातं, पण भोकही लहानच पडतं. मोठ्या पात्याला मोठं भोक आणि अंगभर घाम. बहुतेक लोक तेराचं नेतात. तेवढ्यात मागे उभा असलेला एक टोपीवाला म्हणाला, "तेराचं? ते कशाच्याच कामाचं नाही. अलाबुगा धरायचा तर दहाचं, शोर्तान धरायचा तर अठराचं. मधली सगळी दुकानदारांच्या सोयीसाठी!"

अलाबुगा म्हणजे आमचा पट्ट्यांचा, तळहाताएवढा मासा. शोर्तान लांब, दातांचा, माणसाच्या हातालाही तोंड घालणारा.

"माझ्याकडे दहाचं आहे," मी म्हणालो. "कधी अडलं नाही."

"तुझ्या भोकातून काय वर येतं ते ठाऊक आहे मला," तोकेन म्हणाला. "तुझं मांजरसुद्धा हुंगून परत जातं."

आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो.

उलझानवहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि पुठ्ठ्याला दहाचं आणि तेराचं अशी दोन भोकं कापली. पडवीत एक गोठलेला शोर्तान होता, तो आणून आम्ही तिघं त्याला पुठ्ठ्यातून घालायला लागलो. दहाच्या भोकात तो गालफडांपाशी अडकला. तेराच्या भोकातून जरा दाबल्यावर गेला.

"मग तेराचं," मी म्हणालो.

"पण हा मेलेला आहे," तोकेन म्हणाला. "जिवंत असता तर अंग चोरून घेतलं असतं, की फुगवलं असतं?"

संध्याकाळी त्यानं अकमारललाच फोन लावला. "तुझ्या सासऱ्यांना एक मोठा मासा आवडेल की पुष्कळ लहान?"

"अहो बाबा, मी कसं विचारू त्यांना? दोन्ही आवडतील बहुतेक."

तोकेन डोकं धरून बसला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "पाहुण्याला बारीकसं भोक दाखवायचं? लोक काय म्हणतील?" एवढ्यावर निकाल लागला. अठराचं गिरमिट घरात आलं.

कुदा आले. रुंद होतेच, शिवाय अंगावर दोन कोट. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बर्फावर गेलो. पिशवीत चहाचा थर्मास आणि वहिनींचे ताजे तळलेले बाउरसाक, कणकेचे फुगलेले गोळे. बर्फ मांडीला लागेल इतका जाड होता. तोकेननं पाय रोवले आणि फिरवायला सुरुवात केली. थोडं खाली गेल्यावर त्याचा खांदा बोलायला लागला. मग कुदांनी मूठ धरली. ते बहुधा उलटं फिरवत होते, कारण पातं वर यायला लागलं. पुन्हा तोकेन, पुन्हा कुदा. अर्ध्यावर गिरमिट असं रुतलं की ना खाली जाईना, ना वर येईना. दोघांच्या टोप्यांतून वाफा निघत होत्या.

कुदा गिरमिटाच्या मुठीवर रेलून उभे राहिले. "कुदा, राग मानू नका, एक विचारू? तुम्हाला ह्याची एवढी आवड कशी काय लागली?"

"मला?" तोकेन म्हणाला. "तुम्हालाच यायचं होतं ना?"

"मी? मला घरून सांगितलं, तोकेनकुदांची फार इच्छा आहे, नाही म्हणू नका. थंडीनं माझी दाढ ठणकते हो!"

तोकेननं तिथूनच घरी फोन लावला. उलझानवहिनी म्हणाल्या, अकमारलच तसं बोलली. मग शिमकेंतला लावला. अकमारल म्हणाली, आईनंच आधी विचारलं, पाहुण्यांना तळ्यावर न्यायचं का. मी सासूबाईंना तसं बोलले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, मी तर कुणालाच काही बोलले नाही. दोघं कुदा एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं होतं की रडू, मला सांगता येणार नाही.

"आलोच आहोत तर," शेवटी कुदा म्हणाले.

मी माझं दहाचं गिरमिट काढलं, शेजारी भोक पाडलं आणि कुदांच्या हातात गळाची काठी दिली. थोड्या वेळात एक अलाबुगा वर आला. कुदांनी तो दोन्ही हातांत धरला आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडचे लोक उठून उभे राहिले. मग दुसरा, तिसरा. दाढ ते विसरले.

आणि एकाएकी काठी वाकली. दोरा सुतासुतानं वर आला आणि भोकात शोर्तानचं नाक दिसलं. तेवढंच. पुढे येईना.

"मोठं गिरमिट आणा!" कुदा ओरडले.

"ते रुतलंय!" तोकेन म्हणाला. "आणि दोरा कापला जाईल! साबीर, पहार!"

मी पहार दिली. तोकेन पोटावर आडवा झाला आणि भोकाच्या कडा हलक्या हातानं फोडायला लागला. कुदा दोरा धरून त्याला सांगत होते, "उजवीकडे! नाही नाही, माझ्या उजवीकडे!" बर्फाचे तुकडे पाण्यात, पाणी तोकेनच्या बाहीत. भोक वेडंवाकडं रुंदावलं तसा त्यानं हात खांद्यापर्यंत आत घातला, गालफडांत बोटं अडकवली आणि मासा बाहेर ओढला. त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. कुदांनी आपला वरचा कोट काढून त्याच्या ओल्या हाताला गुंडाळला आणि घरी पोचेपर्यंत हात सोडला नाही.

रुतलेलं गिरमिट आम्ही दुपारी गरम पाणी ओतून सोडवलं. त्या रात्रीच्या जेवणात मासा सगळ्यांना पुरला. "मग कुदा," अब्दुमालिकांनी विचारलं, "घ्यायचं तर कितीचं घ्यावं?"

"खरं सांगू?" तोकेन म्हणाला. "काल थोडंफार कळत होतं. आज तेही कळत नाही."

चार दिवसांनी आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. डब्याच्या दारातून ते म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतो, कुदा." तोकेन अजून मला विचारतो, "साबीर, ते मनापासून म्हणाले, की नुसतं रीत म्हणून?"

मी काय सांगणार? गाडी हलेपर्यंत त्यांनी तोकेनचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, एवढं मी पाहिलं. पण त्या दिवशी थंडीही तशीच होती.