शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी

"डोस शून्य आलाय, तराजूबाई. शून्य औषध बाटलीत भरू तरी कसं?" फार्मसीच्या खिडकीतून चिठ्ठी परत आली.

तराजूबाई हे नाव तिला सगळ्या इस्पितळाने दिलेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात बावीस वर्षे काढलेली ही सिस्टर वजनाच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नसे; काट्यावर दोनदा ठेवल्यावाचून आकडा लिहीत नसे. आज सकाळी तिसऱ्या काचेच्या पेटीतला मुलगा दोन्ही वेळा आठशे चाळीस ग्रॅम भरला होता. त्याच्या रक्तात जंतू शिरले होते आणि अकराचे इंजेक्शन चुकवण्याजोगे नव्हते. तिने संगणकात ०.८४ किलो लिहिले. जतन करताच तिथे नुसते ० उरले, आणि शून्य वजनाला औषधही शून्य.

तीन आठवड्यांपूर्वी ही प्रणाली आली तेव्हापासून हेच चालले होते. तिने तीनदा तक्रार लिहिली. तीनदा उत्तर आले की नोंद काळजीपूर्वक करावी. निदान डॉक्टरांच्या सहीची हातचिठ्ठी तरी चालत असे. आजपासून त्याही बंद, असे परिपत्रक खिडकीच्या काचेवर डकवले होते. खिडकीतल्या माणसाने त्याकडे बोट दाखवले आणि नजर वळवली. नोकरी त्यालाही होती.

संगणक विभाग चौथ्या मजल्यावर. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर तिच्यात नव्हता. ती जिन्याने गेली.

विभागाच्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी विचारले आणि लहान मुलाला समजवावे तसे समजावले: प्रणाली मोठ्यांच्या कक्षांसाठी बांधलेली, वजनाला पूर्णांकाचा रकाना पुरेसा, बदलाचे पुढच्या तिमाहीत बघू. "एवढ्यातेवढ्या ग्रॅमनं काय फरक पडतो, सिस्टर?"

ती शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमरकडे वळली. "मी टिंबाच्या पुढे लिहिते, ते जातं कुठे?"

"जात नाही कुठे." त्याने मान खाली घातली. "रकाना पूर्णांकाचा आहे. बाकीचं तो टाकून देतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही. बाळांच्या कक्षात आवाज चढवण्याची सवयच मोडते.

"शाळेत आम्हाला शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश असं अख्खं म्हणायला लावायचे. तुमच्या यंत्राची शाळा पूर्णांकालाच सुटली का? आणि साहेब, फरक विचारताय म्हणून सांगते. पाचव्या पेटीतली एक किलो नऊशे ग्रॅमची आहे. यंत्र तिला एका किलोचं औषध काढतं. रोज हातानं खोडून दुरुस्त केलं मी, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तिसऱ्या पेटीतला तर तुमच्या लेखी जन्मलाच नाही. तसं लिहून द्या. मी त्याच्या आईला वाचून दाखवते."

साहेबांनी पेन उचलले नाही. प्रोग्रॅमरने मात्र त्यांना न विचारताच रकान्याचा प्रकार बदलला. पूर्णांकाच्या जागी दशांश. तपासून पाहण्यासकट सात मिनिटे लागली. ज्यासाठी तिने तीन आठवडे पालथ्या घड्यावर पाणी ओतले, ते सात मिनिटांचे काम होते.

अकराला औषध तिसऱ्या पेटीत पोचले.

दुपारी पाळी संपल्यावर तिने जुन्या नोंदी उघडल्या. कुठे ०, कुठे १. प्रोग्रॅमर खाली आला आणि त्याने पडद्यावरच्या नोंदी चाळल्या. एकदा टाकून दिलेले परत येत नाही, तो म्हणाला. रकाना मोठा झाला तरी त्यात आधीचे शून्यच आहे. साहेबांच्या मते जुन्या नोंदींची आता गरज नव्हती.

तिने एप्रनच्या खिशातली वजनांची वही काढली आणि खुर्ची पुढे ओढली. एकोणीस बाळे. शेवटची नोंद मागच्या मंगळवारी गेलेल्या मुलीची. नाव ठेवायचे राहूनच गेले होते. नावाच्या जागी आईच्या खाटेचा क्रमांक आणि वजनाच्या जागी शून्य. वहीत पाहून तिने सावकाश ०.६९० लिहिले आणि जतन केले.

शेवटचे शून्य यंत्राने आपणहून गाळले. त्या शून्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.