मुक्कामच कर ना

बोलींच्या कोशासाठी शब्द गोळा करत हिंडून मेरिल फोख्टचा जीव मेटाकुटीला आला होता. चार महिने, एकोणीस गावं आणि सगळीकडे तेच सोळाशे प्रश्न. आपण शब्द सुचवायचा नाही, समोरच्याच्या तोंडून निघेपर्यंत थांबायचं, असा वरून दंडक. केंटकीच्या डोंगरात एकट्या राहणाऱ्या ऑर्फा स्टिडम आजींनी पाच दिवसांत सगळे प्रश्न संपवले. कागदी पिशवी? पोक. घरामागचा ओढा? ब्रँच. दुपारी शेवटचं उत्तर लिहून तो उठला. आता त्याला ओहायोतलं घर आणि स्वतःचा पलंग, एवढंच हवं होतं.

"एवढ्यात निघालास? मुक्कामच कर ना," आजी म्हणाल्या.

या डोंगरात पाहुणा उठला की असं म्हणतातच. त्यानंही 'नको, तुम्हीच चला आमच्याकडे' म्हणायचं आणि वाटेला लागायचं. मेरिलने पहिल्याच गावात कार्डावर लिहिलं होतं, 'निरोपाची रीत. मनावर घ्यायचं नसतं.'

"नको आजी, तुम्हीच चला आमच्याकडे," तो अगदी इथल्यासारखा म्हणाला. स्वारी स्वतःवरच खूश होती.

गाडीत कागद लावून त्याने इंजिन सुरू केलं, तर आजी पायऱ्या उतरत होत्या. डोक्यावर चर्चला जाताना घालायची टोपी, हातात पोक, तिच्यातून रात्रीच्या गाऊनची बाही लोंबत होती.

"कोंबड्यांना दोन दिवसांचे दाणे टाकलेत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पुढे बसू की मागे?"

मेरिलच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो आजी, मला वाटलं... इथे नुसतं म्हणायची पद्धत आहे."

"आमची माणसं नुसतं म्हणतात, ते मला कळत नाही का? पण तू बाहेरचा. म्हटलं, बाहेरची माणसं खरंच बोलावत असतील."

त्यांनी टोपी काढली. मुलगा ओहायोतल्या डेटनला गेला त्याला सहा वर्षं झाली, अजून एकदाही त्याने बोलावलं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रश्नांच्या कागदात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मेरिलने ते लिहिलं नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली. पाठ मोडून आली होती, पलंग आणखी एक दिवस लांबला होता.

"आज मी तुमच्याकडे मुक्काम करतो. उद्या तुम्ही आमच्याकडे. वाटेत डेटन आहेच."

"नुसतं म्हणतोयस?"

मेरिलने त्यांच्या हातातली पोक घेतली, पुढच्या सीटवर ठेवली आणि इंजिन बंद केलं.